इंडेक्स केव्हा वापरावा? : डेटाबेसमधील एका निर्णयाच्या हस्तांतराचा इतिहास

प्रास्ताविक

संगणकाच्या इतिहासलेखनात यंत्रांना, कंपन्यांना आणि शोधकर्त्यांना जेवढे स्थान मिळते तेवढे निर्णयांच्या इतिहासाला मिळत नाही. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात एखाद्या बैठक क्रमांकाचा निकाल मागितला जातो, तेव्हा लाखो नोंदींमधून ती एक नोंद कोणत्या वाटेने शोधावयाची, हे त्या क्षणी कोठेतरी ठरविले जात असते. संपूर्ण तक्ता पहिल्या पृष्ठापासून शेवटच्या पृष्ठापर्यंत वाचून काढावयाचा, की आधी इंडेक्स उघडून त्याने दाखविलेल्या पृष्ठाकडेच जावयाचे? १९७० च्या सुमारास हा निर्णय प्रामुख्याने प्रोग्रॅम लिहिणारा माणूस घेत असे. १९७९ नंतर तो क्रमाक्रमाने यंत्राकडे गेला. या हस्तांतराचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

रिलेशनल डेटाबेसच्या यशाचे श्रेय सामान्यतः एडगर कॉड यांच्या गणिती मांडणीला दिले जाते व ते यथार्थच आहे. परंतु ती मांडणी व्यवहारात तगली ती खर्चाचा अंदाज बांधणाऱ्या एका कार्यपद्धतीमुळे. ही कार्यपद्धती जितकी शास्त्रीय होती तितकीच ती कामचलाऊ गृहीतकांवरही उभी होती, आणि तिच्या कर्त्यांनी ते लपविले नव्हते. या दुसऱ्या बाजूकडे इतिहासाच्या अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावयास हवे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

विषय संगणकशास्त्राबाहेरील वाचकांसाठीही असल्याने मूळ अडचण आधी स्पष्ट करतो. किल्ल्यांवरील एखाद्या ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते. ‘शिवनेरी’ हा शब्द तीनच पृष्ठांवर आला असेल, तर सूचीमुळे मोठे श्रम वाचतात. पण ‘तटबंदी’ हा शब्द दर दुसऱ्या पृष्ठावर आला असेल, तर सूचीत बोट ठेवून पाने मागेपुढे उलटण्यापेक्षा ग्रंथ सलग वाचणे लवकर होते. सूची तीच, ग्रंथही तोच. तिचा उपयोग करावा की नाही हे मात्र शोधल्या जाणाऱ्या शब्दावर अवलंबून राहते. इंडेक्स असला की संगणकाने तो वापरलाच पाहिजे, ही समजूत म्हणूनच चुकीची ठरते.

प्रोग्रॅमरच्या हाती सुकाणू

१९६० च्या दशकातील दोन प्रमुख प्रणाली म्हणजे चार्ल्स बाकमन यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये घडविलेली आयडीएस आणि अपोलो कार्यक्रमाच्या निमित्ताने आयबीएमने विकसित केलेली आयएमएस. या प्रणालींमध्ये माहिती साखळ्यांच्या किंवा वृक्षाच्या रचनेत ठेवलेली असे आणि एका नोंदीवरून दुसरीकडे कसे जावयाचे हे प्रोग्रॅममध्ये लिहावे लागे. बाकमन यांना १९७३ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. त्यांच्या पारितोषिक व्याख्यानाचे शीर्षकच प्रोग्रॅमरला नौकानयन करणारा संबोधणारे होते. त्यांच्या दृष्टीने ही तक्रारीची बाब नव्हती. माहितीच्या समुद्रात वाट काढणे हे प्रोग्रॅमरचे कौशल्य, त्याची प्रतिष्ठाही.

कॉड यांचा जून १९७० मधील प्रसिद्ध निबंध नेमका या प्रतिष्ठेवर आघात करतो. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कॉड यांनी प्रचलित प्रणालींमधील तीन प्रकारची परावलंबने दाखवून दिली : नोंदींच्या क्रमावरील, इंडेक्सवरील आणि प्रवेशमार्गावरील. यांपैकी दुसरे आपल्या विषयाच्या केंद्रस्थानी आहे. इंडेक्स हा केवळ वेग वाढविण्यासाठी असतो. त्यामुळे चौकशा जलद होतात, परंतु नोंदींमध्ये बदल करणे मंदावते, कारण प्रत्येक बदलाबरोबर इंडेक्सही बदलावा लागतो. कामाचे स्वरूप पालटेल तसे जुने इंडेक्स काढावे लागतील आणि नवे करावे लागतील. मग ते आले-गेले तरी प्रोग्रॅम अबाधित राहू शकतील काय, असा प्रश्न कॉड उपस्थित करतात. आयडीएसमध्ये तसे होत नव्हते. तेथे साखळीचा लाभ घेणाऱ्या प्रोग्रॅमला तिचे नाव घ्यावे लागे आणि ती साखळी काढली की प्रोग्रॅम बंद पडे.

कॉड यांनी प्रश्न अचूक विचारला, पण त्याचे उत्तर त्या निबंधात नव्हते. वापरणाऱ्याने ‘काय हवे’ एवढेच सांगावयाचे आणि ‘कसे शोधावे’ हे सांगावयाचे नाही, असे ठरले तर ‘कसे’ याचा भार कोणीतरी उचललाच पाहिजे. १९७४ मध्ये अॅन आर्बर येथे झालेल्या परिषदेत कॉड व बाकमन यांच्या पक्षांत जो वाद झडला, त्यातील व्यावहारिक शंका हीच होती. अनुभवी प्रोग्रॅमरइतकी चांगली वाट यंत्र निवडू शकेल काय? या शंकेला केवळ पुराणमतवाद म्हणणे अन्यायाचे होईल. त्या वेळी तसे करून दाखविणारी पूर्ण विकसित प्रणाली अस्तित्वात नव्हती.

साधन मात्र हाताशी आले होते. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्रेट यांनी बोइंगच्या संशोधन प्रयोगशाळेत बी-ट्री ही रचना मांडली व तिचे सविस्तर विवेचन १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. इंडेक्सच्या एका पृष्ठावर ४०० नोंदी मावतात असे धरल्यास दहा लाख नोंदींचा इंडेक्स तीन पातळ्यांत बसतो. म्हणजे तीन पृष्ठे इंडेक्सची आणि एक तक्त्याचे, अशा चार वाचनांत हवी ती नोंद मिळते. या रचनेच्या नावातील ‘बी’ कशासाठी, याचा खुलासा कर्त्यांनी केला नाही आणि त्यावर आजही तर्क लढविले जातात.

सॅन होजे येथील प्रयोग

कॉड यांच्या कल्पना प्रत्यक्षात उतरविण्यासाठी सॅन होजे येथेच ‘सिस्टिम आर’ हा प्रकल्प उभा राहिला. १९७४-७५ मध्ये त्याचा प्राथमिक टप्पा पार पडला. त्या टप्प्यातील ऑप्टिमायझर, म्हणजे वाट निवडणारा भाग, आणाव्या लागणाऱ्या नोंदींची संख्या कमीत कमी ठेवण्याच्या तत्त्वावर बेतलेला होता. ते माप चुकीचे असल्याचे अनुभवान्ती दिसून आले. शंभर नोंदी एकाच पृष्ठावर असतील तर डिस्ककडे एकदाच जावे लागते. त्या शंभर पृष्ठांवर विखुरलेल्या असतील तर शंभरदा. मोजावयाच्या त्या नोंदी नव्हेत, तर डिस्कवरील फेऱ्या, आणि त्याच्या जोडीला प्रोसेसरचे श्रम. पुढील सर्व कार्यपद्धती या एका धड्यातून निघाली आहे.

१९७९ च्या सिगमॉड परिषदेत पॅट्रिशिया सेलिंजर, मॉर्टन अॅस्ट्राहान, डोनाल्ड चेंबरलिन, रेमंड लॉरी आणि थॉमस प्राइस या पाच जणांचा प्रवेशमार्गाच्या निवडीविषयीचा निबंध वाचला गेला. त्यातील पद्धत सांगावयास सोपी आहे. प्रत्येक संभाव्य वाटेचा खर्च एका आकड्यात मांडावयाचा : आणावयाच्या पृष्ठांची संख्या, अधिक प्रोसेसरच्या कामाला विशिष्ट भार देऊन येणारी संख्या. ज्या वाटेचा आकडा सर्वांत लहान, ती स्वीकारावयाची. अनेक तक्ते जोडावयाचे असतील तर लहान जोडण्यांच्या उत्तम वाटांवरून मोठ्या जोडण्यांच्या वाटा बांधत जावयाच्या.

उदाहरणादाखल दहा लाख विद्यार्थ्यांच्या नोंदींचा तक्ता घेऊ. एका पृष्ठावर १०० नोंदी, म्हणजे तक्त्याची १०,००० पृष्ठे. इंडेक्सची पाने, वरील हिशेबाप्रमाणे, २,५००. सलग वाचनाचा खर्च ठरलेला आहे : १०,००० पृष्ठे. आता अट अशी आहे की, तिच्यात एक टक्का नोंदी बसतात. तक्त्यातील नोंदी इंडेक्सच्या क्रमानेच मांडलेल्या असतील, तर १९७९ च्या सूत्राप्रमाणे २,५०० आणि १०,००० यांच्या बेरजेचा एक टक्का, म्हणजे १२५ पृष्ठे वाचावी लागतील. इंडेक्सचा विजय निर्विवाद आहे. परंतु नोंदी विखुरलेल्या असतील तर सूत्र प्रत्येक नोंदीसाठी एक फेरी धरते : २,५०० आणि १०,००,००० यांच्या बेरजेचा एक टक्का, म्हणजे १०,०२५. सलग वाचनापेक्षा २५ पृष्ठे अधिकच! आणि अटीत दहा टक्के नोंदी बसत असतील तर १,००,२५०, म्हणजे सलग वाचनाच्या दसपट.

ज्यांनी हा विषय प्रथमच पाहिला त्यांना हा आकडा अविश्वसनीय वाटण्याची शक्यता आहे. शंभरांत एकच नोंद हवी असतानाही इंडेक्स निरुपयोगी ठरू शकतो. त्यातही नोंदींची मांडणी बदलली की तोच इंडेक्स ऐंशीपट स्वस्त होतो. अशा परिस्थितीत ‘इंडेक्स असेल तर वापरा’ किंवा ‘थोड्या नोंदी हव्या असतील तर वापरा’ यांसारखा सरसकट नियम चालत नाही, प्रत्येक क्वेरीगणिक हिशेब करावा लागतो. आणि जो हिशेब प्रत्येक क्वेरीगणिक, आकडेवारी बदलेल तसतसा करावयाचा आहे, तो करण्यास माणसापेक्षा यंत्र अधिक पात्र आहे. बाकमन यांच्या पक्षाला दिलेले उत्तर ते हेच. यंत्र प्रोग्रॅमरहून हुशार असल्याचा दावा त्यात नव्हता. ते हिशेबाला कंटाळत नाही, एवढाच होता.

सिस्टिम आरने कॉड यांच्या मूळ प्रश्नाचेही उत्तर दिले. निवडलेली वाट यंत्रभाषेत रूपांतरित करून साठविली जाई. त्या वाटेवरील एखादा इंडेक्स कोणी काढून टाकला, तर साठविलेले रूपांतर आपोआप रद्द ठरे आणि पुढील वापराच्या वेळी नवी वाट शोधली जाई. वापरणाऱ्याच्या प्रोग्रॅममधील एक अक्षरही बदलावे लागत नसे. इंडेक्स आले-गेले तरी प्रोग्रॅम अबाधित राहिले. १९७० मधील प्रश्न आणि हे उत्तर यांत एका दशकाचेही अंतर नाही.

एक तृतीयांशाचे गूढ

मात्र या हिशेबातील सर्वांत महत्त्वाचा आकडा यंत्राला ठाऊक नसतो. अटीत एक टक्का नोंदी बसतात की दहा टक्के, म्हणजे अटीची निवडकता किती, हे क्वेरी चालविल्याखेरीज निश्चितपणे कळत नाही आणि वाट तर चालविण्यापूर्वीच ठरवावयाची असते. सेलिंजर व सहकाऱ्यांनी यासाठी मोजकी आकडेवारी साठविली : तक्त्यातील नोंदी, पृष्ठे, इंडेक्समधील भिन्न मूल्ये आणि इंडेक्सची पाने. समानतेच्या अटीसाठी भिन्न मूल्यांच्या संख्येचा व्यस्त अंक घ्यावयाचा, म्हणजेच सर्व मूल्ये सारख्याच वेळा येतात असे मानावयाचे. दोन अटी ‘आणि’ने जोडल्या असतील तर त्यांच्या निवडकतांचा गुणाकार करावयाचा, म्हणजेच त्या परस्परांशी असंबद्ध आहेत असे मानावयाचे.

आणि आकडेवारीच नसेल तर? तेव्हा समानतेच्या अटीसाठी एक दशांश, ‘पेक्षा मोठे’ अशा अटीसाठी एक तृतीयांश, दोन मूल्यांच्या दरम्यानच्या अटीसाठी एक चतुर्थांश धरावा, असे निबंधात दिले आहे. एक तृतीयांशाविषयी कर्त्यांनी स्पष्टच म्हटले आहे की, या आकड्याला स्वतःचे असे काही महत्त्व नाही. तो समानतेच्या अंदाजापेक्षा मोठा आणि अर्ध्यापेक्षा लहान असावा, एवढाच विचार त्यामागे होता. एखाद्या शास्त्रीय निबंधात गृहीतकाची अशी उघड कबुली विरळाच आढळते. शेतीच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही नजर पैसेवारी होती, कापणी प्रयोग नव्हे.

हा आकडा अल्पायुषी ठरेल असे कोणासही वाटले असते. प्रत्यक्षात जगभर वापरल्या जाणाऱ्या पोस्टग्रेस या मुक्तस्रोत डेटाबेसमध्ये असमानतेच्या अटीसाठी, आकडेवारी उपलब्ध नसल्यास, आजही ०.३३३३ हेच मूल्य धरले जाते. पोस्टग्रेसचा उगम सॅन होजेत नव्हे तर मायकेल स्टोनब्रेकर यांच्या बर्कली येथील कार्यात आहे, हे लक्षात घेतल्यास या साम्याचे मोल वाढते.

दुसरा एक निर्णय प्रशासकीय स्वरूपाचा होता. आकडेवारी प्रत्येक नव्या नोंदीबरोबर अद्ययावत केली तर तिची नोंदवही सर्वांनाच एकाच वेळी हवी होऊन सगळी कामे खोळंबली असती. म्हणून ती स्वतंत्र आज्ञेने, मधूनमधून ताजी करण्याचे ठरले. ऑप्टिमायझर तेव्हापासून मागील गणनेच्या आकड्यांवर आजचे निर्णय घेत आला आहे. पुढे १९८० मध्ये सिस्टिम आरची चाचणी घेण्यात आली, तेव्हा ऑप्टिमायझर वाटांचा स्वस्त-महाग असा क्रम बहुधा बरोबर लावतो, पण खर्चाचे प्रत्यक्ष आकडे पुष्कळदा चुकतात, असे आढळले. निवड करण्यासाठी क्रमच पुरेसा असल्याने या निष्कर्षावर समाधान मानण्यात आले.

नियमांचा पक्ष

या पद्धतीचा प्रसार सरळ रेषेत झाला, असे मानू नये. ओरॅकलची पहिली व्यापारी आवृत्ती १९७९ मध्येच बाजारात आली, पण तिने खर्चाचा नव्हे तर नियमांचा मार्ग धरला. या मार्गात प्रवेशाच्या वाटांची पंधरा पायऱ्यांची ठरलेली उतरंड असे. सलग वाचन सर्वांत खाली. अर्थात इंडेक्स उपलब्ध असला की तो वापरला जाई, नोंदी एक टक्का असोत वा नव्वद. आपल्या वरील उदाहरणातील दसपट तोटा या पद्धतीत अटळ आहे. तरीही खर्चाधारित ऑप्टिमायझर ओरॅकलमध्ये १९९२ च्या सातव्या आवृत्तीत आला, आणि नियमाधारित ऑप्टिमायझरचा आधार अधिकृतपणे काढून घेतला गेला तो २००३ च्या दहाव्या आवृत्तीत.

हा मार्ग इतका काळ का टिकला? कारण त्याचे वर्तन आधी सांगता येत असे. आज जी वाट, तीच उद्या. आकडेवारी ताजी केली आणि दुसऱ्या दिवशी तीच क्वेरी तासभर रेंगाळली, असा अनुभव त्यात येत नसे. इंडेक्स नको असेल तेव्हा प्रोग्रॅमर रकान्याच्या नावात शून्य मिळवीत किंवा त्याला रिकामी अक्षरमाला जोडीत. उत्तर बदलत नसे, पण अट इंडेक्सशी जुळेनाशी होई आणि यंत्राला सलग वाचन करावे लागे. कॉड यांनी पुढच्या दाराने बाहेर काढलेले सुकाणू मागच्या दाराने आत आले ते असे. या युक्त्यांची टिंगल करण्याचे कारण नाही. कार्यक्षमतेपेक्षा खात्रीला अधिक किंमत देणारा वर्ग प्रत्येक व्यवस्थेत असतो.

आकड्यांचे वजन

खर्चाच्या सूत्रातील गुणकही इतिहासाचे दस्तऐवज म्हणून वाचता येतात. पोस्टग्रेसमध्ये सलग वाचलेल्या पृष्ठाचा खर्च १ आणि विखुरलेल्या पृष्ठाचा ४ धरला जातो. फिरत्या डिस्कवर हे अंतर प्रत्यक्षात कितीतरी मोठे असते. त्याच्या अधिकृत दस्तऐवजातील स्पष्टीकरणानुसार हे गुणोत्तर म्हणजे विखुरलेले वाचन चाळीसपट मंद, पण शंभरांपैकी नव्वद वेळा पृष्ठ आधीच स्मृतीत सापडते, अशा गृहीतकाचा संक्षेप समजता येतो. फिरणारी चकती नसलेली साठवण साधने आल्यावर अनेक व्यवस्थापक हा आकडा १ च्या जवळ आणतात आणि एरवी दुर्लक्षिले गेलेले इंडेक्स वापरात येऊ लागतात. २००५ मधील ८.१ आवृत्तीने एक मधली वाटही दिली. इंडेक्समधून पृष्ठांची यादी आधी गोळा करावयाची, ती पृष्ठांच्या क्रमाने लावावयाची आणि मगच तक्त्याकडे जावयाचे. आपल्या उदाहरणातील वाचक प्रथम सर्व पृष्ठांक टिपून घेतो आणि ग्रंथ एकाच दिशेने उलटतो, असे समजावे.

निवडकतेचा प्रश्न मात्र गुणकांनी सुटणारा नव्हता. सर्व मूल्ये सारख्या वेळा येतात हे गृहीतक सोडून देण्याचे प्रयत्न १९८० च्या दशकात सुरू झाले. १९८४ मध्ये पियाटेत्स्की-शापिरो आणि कॉनेल यांनी समान नोंदसंख्येच्या कप्प्यांचा हिस्टोग्राम सुचविला. नंतर वारंवार येणाऱ्या मूल्यांची वेगळी यादी ठेवण्याची पद्धतही रूढ झाली. परंतु दुसरे गृहीतक, अटींच्या परस्पर असंबद्धतेचे, अधिक चिवट निघाले. आपल्याच तक्त्यावर ‘जिल्हा सिंधुदुर्ग’ आणि ‘तालुका कणकवली’ अशा दोन अटी घाला. जिल्हे ३६ आणि हिशेबाच्या सोयीसाठी तालुके ३५० धरून सर्वत्र सारखी विभागणी मानली, तर ऑप्टिमायझर दोन्ही अपूर्णांकांचा गुणाकार करून १२,६०० त एक, म्हणजे दहा लाखांत ७९ नोंदींचा अंदाज बांधेल. वास्तविक कणकवली सिंधुदुर्गातच असल्याने पहिल्या अटीने काहीच गाळले जात नाही व नोंदी २,८५७ येतात. ७९ नोंदींसाठी विखुरलेला इंडेक्स योग्यच होता. छत्तीसपट नोंदींसाठी तो तसा राहीलच असे नाही. आणि या नोंदी पुढे अन्य तक्त्यांशी जोडावयाच्या असतील, तर चूक तेथेच थांबत नाही. इओआनिडिस आणि क्रिस्टोडुलाकिस यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले की, जोडण्या वाढतील तशी अंदाजातील चूक घातांकी वेगाने वाढू शकते. पोस्टग्रेसमध्ये रकान्यांतील असे परस्परसंबंध नोंदविण्याची सोय २०१७ च्या दहाव्या आवृत्तीत आली, आणि तीही कोणते रकाने संबंधित आहेत हे माणसाने सांगितल्यावरच.

२०१५ मध्ये व्हिक्टर लाइस व सहकाऱ्यांनी चित्रपटविषयक खऱ्या माहितीवर ११३ क्वेरी चालवून प्रचलित ऑप्टिमायझर तपासले. खर्चाच्या सूत्रांमुळे होणारे नुकसान किरकोळ आणि नोंदींच्या संख्येच्या अंदाजामुळे होणारे फार मोठे, असे त्यांना आढळले. इंडेक्स वाढविल्यावर उत्तम वाट शोधणे अधिक अवघड झाले, कारण चुकण्यासाठीही अधिक वाटा उपलब्ध झाल्या.

या इतिहासात भारतीय संशोधनाचाही वाटा आहे. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत जयंत हरित्सा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये, अटींची निवडकता बदलत नेली असता व्यापारी ऑप्टिमायझर कोणती वाट निवडतात, याचे रंगीत नकाशे काढून प्रसिद्ध केले. अनेक नकाशे एखाद्या घनचित्रासारखे गुंतागुंतीचे निघाले. निवडकता किंचित बदलली की वाट बदले, आणि खर्चातील फरक मात्र बहुतेक ठिकाणी नगण्य असे. याच प्रयोगशाळेतून २०१४ मध्ये अनशुमन दत्त आणि हरित्सा यांनी निवडकतेचा अंदाज बांधणेच सोडून देणारी पद्धत मांडली. तिच्यात मोजक्या वाटांचा एक गुच्छ आधी तयार ठेवला जातो. त्यातील वाट ठरावीक खर्चाच्या मर्यादेत चालवून पाहिली जाते, आणि मर्यादा ओलांडली गेल्यास ती थांबवून अधिक मर्यादेची पुढील वाट घेतली जाते. निवडकता किती हे चालण्याच्या ओघातच उलगडत जाते, आणि जास्तीत जास्त किती पट खर्च होईल याची हमी मात्र क्वेरी सुरू होण्यापूर्वीच देता येते.